दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी साधनं आता ढिगाने मिळतात. गोंधळ सुरू होतो तो उत्तर मिळाल्यानंतर. एकीकडे अंतर वेगळं, दुसरीकडे वेळ वेगळा आणि तिकिटावर तिसरंच काहीतरी. यातले बहुतेक आकडे चुकीचे नसतात. प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो, एवढंच. खाली लोक नेहमी विचारतात ते प्रश्न घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपली, काहींना जागा लागली.

हवाई अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत मोजतात?

विमानतळापासून विमानतळापर्यंत. शहराच्या मध्यापासून नव्हे. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो, सहसा धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावरचा. त्याचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या वैमानिकी माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. अंतराचं गणित या दोन बिंदूंमध्ये होतं.

म्हणून 'शहर ते शहर' आणि 'विमानतळ ते विमानतळ' हे आकडे जुळत नाहीत. टोकियोचंच बघा. हानेदा विमानतळ शहराला अगदी खेटून आहे, तर नारिता मध्य टोकियोपासून साठ किलोमीटरवर. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, तरी नावात फ्रँकफर्ट आहेच. तेव्हा अंतर शोधताना शहराचं नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा. 'एलओएन' हा लंडनचा शहर-कोड आहे, त्याखाली अनेक विमानतळ येतात. 'एलएचआर' म्हणजे मात्र हीथ्रोच.

नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर चालेल का?

नाही. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर तर मुळीच नाही.

आपल्या डोळ्यांना सवय झालेला नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. १५६९ साली तो खलाशांसाठी तयार झाला. होकायंत्राची दिशा न बदलता जाण्याचा मार्ग त्यावर सरळ रेषा म्हणून दिसतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो मार्ग सर्वांत जवळचा नसतो. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर असतं. बृहद्वृत्त म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. शाळेतल्या भूगोलाची आठवण असेल तर विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्तं मिळून दुसरं. बाकीची अक्षवृत्तं बृहद्वृत्तं नाहीत. खरी गंमत इथेच आहे.

माद्रिद आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, साधारण साडेचाळीस अंश उत्तर. कुणालाही वाटेल की नाकासमोर पश्चिमेला निघालं की पोहोचलं. तसं गेलं तर सुमारे ५,९३० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्तावरून गेलं तर ५,७६०. म्हणजे १७० किलोमीटरची बचत, आणि त्यासाठी आधी उत्तरेकडे वळावं लागतं. वाटेच्या मध्यावर हा मार्ग ४६ अंशांच्याही वर जातो.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक माद्रिदवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. दोऱ्याला मर्केटर ठाऊक नसतो. विमानातल्या पडद्यावर मार्ग धनुष्यासारखा वाकडा दिसतो त्याचं कारणही हेच. वाकडा नकाशा असतो, मार्ग सरळच असतो.

दक्षिण गोलार्धात हे उलट्या बाजूला घडतं. सिडनी आणि सँटिआगो दोन्ही ३३-३४ अंश दक्षिणेला, पण त्यांच्यामधली जवळची वाट अंटार्क्टिकाच्या दिशेने जवळपास ६२ अंशांपर्यंत खाली उतरते.

हे अंतर स्वतः काढता येतं का?

येतं, आणि एकदा तरी हाताने काढून बघावं. नेहमीचं सूत्र 'हॅवरसाइन' नावाने ओळखलं जातं. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या (६,३७१ किमी) एवढंच त्याला लागतं. दोन्ही ठिकाणं एकाच अक्षांशावर असली तर सूत्र आणखी सोपं होतं, म्हणून वरचंच उदाहरण घेऊ.

माद्रिद आणि न्यूयॉर्कच्या रेखांशांत ७०.२ अंशांचा फरक आहे. त्याचं निम्मं ३५.१. त्याचा साइन ०.५७५. अक्षांश सरासरीने ४०.५५ धरला तर त्याचा कोसाइन ०.७६. दोन्हींचा गुणाकार ०.४३७. आता ज्याचा साइन ०.४३७ आहे तो कोन शोधायचा: २५.९ अंश. त्याची दुप्पट ५१.८ अंश. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की झाले ५,७६० किलोमीटर. पाचवी-सहावीतल्या भूगोलात दहावीची त्रिकोणमिती मिसळली, बाकी काही नाही.

एक सावधगिरी. स्प्रेडशीटमध्ये साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. मी पहिल्यांदा तक्ता केला तेव्हा अंश तसेच टाकले आणि शेजारच्या दोन शहरांमध्ये अकरा हजार किलोमीटर आले. तासभर सूत्र तपासत बसलो. सूत्र बरोबरच होतं.

मग दोन ठिकाणी दोन वेगळी अंतरं का दिसतात?

कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांशी ६,३५७. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. हॅवरसाइन तिला पूर्ण गोल मानतं, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते. साडेपाच हजार किलोमीटरमागे ती पंचवीसेक किलोमीटर होते. चपटेपणा धरून चालणारी सूत्रंही आहेत. त्यांतलं १९७५ साली व्हिन्सेंटी यांनी मांडलेलं सूत्र भरपूर वापरलं जातं आणि त्याची अचूकता मिलिमीटरपर्यंत जाते. एका साधनात एक सूत्र, दुसऱ्यात दुसरं.

प्रवाशाला या फरकाने काही होत नाही. विमान एका वळणात त्याहून जास्त अंतर घालवतं.

किलोमीटर, मैल की नॉटिकल मैल?

तीन वेगळ्या गोष्टी. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल बरोबर १,८५२ मीटरचा. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैल वापरतात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, सांगतात. हे माप उगाच टिकून राहिलेलं नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं आणि एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल. नुसता 'मैल' लिहिलेला दिसला की कुठला मैल ते बघा, कारण दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

विमान खरंच त्या जवळच्या वाटेने जातं का?

साधारण तिच्या आसपास जातं, अगदी तिच्यावरून क्वचितच.

सुरुवात आणि शेवट तर ठरलेलेच वाकडे असतात. धावपट्टी ज्या दिशेची, त्या दिशेने उडायचं, मग नेमून दिलेल्या वळणांनी बाहेर पडायचं. उतरतानाही तसंच. वारा फिरला की धावपट्टीची दिशा बदलते, आणि पूर्वेला जाणारं विमान आधी पश्चिमेला उडतं. मधल्या टप्प्यात लष्करी हवाई क्षेत्रं, वादळं, गर्दी, देशोदेशींचे ओव्हरफ्लाइट शुल्काचे (हद्दीवरून उडण्याच्या शुल्काचे) दर या सगळ्यांमुळे वळसे पडतात. उत्तर अटलांटिकवर तर समांतर हवाई मार्गांचा एक संचच रोज नव्याने आखला जातो, वाऱ्याचा अंदाज बघून. युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी दिवसाचा वेगळा आणि उलट दिशेला रात्रीचा वेगळा.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर उतरता आलं पाहिजे. मूळ नियम साठ मिनिटांचा होता. १९८५ पासून १२० मिनिटांची परवानगी मिळू लागली, पुढे १८० आणि आता काही विमानांना तीनशे मिनिटांच्याही वर. ही मर्यादा वाढत गेली तशा महासागरांवरच्या वाटा सरळ होत गेल्या.

राजकारणाचा वळसा सगळ्यांत मोठा. हेलसिंकी ते टोकियो हे उड्डाण रशियावरून जायचं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हाच प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जिथे होते तिथेच आहेत. अंतर सांगणारं साधन आजही पूर्वीचाच आकडा दाखवतं, आणि त्या आकड्यात चूकही नाही.

अंतराला वेगाने भागलं की वेळ निघतो ना?

लांबच्या उड्डाणाला जवळपास निघतो, जवळच्याला फसवतो. विमान पूर्ण वेगात असतं ते फक्त वरच्या उंचीवर. चढायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात. उतरण्याची सुरुवात ३५,००० फुटांवरून करायची तर सुमारे २०० किलोमीटर आधी करावी लागते. त्यात १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची, वेगमर्यादा असते.

माझा ठोकताळा असा आहे: किलोमीटरमधल्या अंतराला ८५० ने भागा आणि वर अर्धा तास टाका. हा हवेतला वेळ. गेटपासून गेटपर्यंतचा हवा असेल तर आणखी वीस-पंचवीस मिनिटं. लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर, म्हणजे साडेसहा तास अधिक अर्धा, झाले सात. प्रत्यक्षात पूर्वेला याहून कमी लागतात आणि पश्चिमेला जास्त, पण अंदाजाला सात ठीक. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणात भागाकार पस्तीस मिनिटं सांगतो आणि हवेतच तास-सव्वा तास जातो. पंख्यांच्या, म्हणजे टर्बोप्रॉप विमानाला हा ठोकताळा लावू नका. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो.

'६ तास ३२ मिनिटं' असं मिनिटापर्यंत छापून देणारी पानं बघितली की मला हसू येतं. तो सूत्राने काढलेला भागाकार असतो. त्या ३२ मिनिटांवर टॅक्सी ठरवू नये.

विमानाचा वेग म्हणजे कुठला वेग?

दोन वेग लक्षात ठेवा. आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत विमान किती वेगाने जातं तो हवेतला वेग. खालच्या जमिनीच्या तुलनेत किती, तो भूवेग. पोहोचायला किती वेळ लागणार ते भूवेगावर ठरतं, पण विमानाच्या हातात असतो तो फक्त हवेतला वेग.

मोठी जेट विमानं हवेत ०.७८ ते ०.८५ माखने जातात. माख म्हणजे ध्वनीच्या वेगाशी गुणोत्तर, आणि ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. अकरा किलोमीटर उंचीवर, जिथे तापमान प्रमाणित धरलं तर उणे ५६.५ अंश सेल्सियस असतं, तिथे ध्वनी ताशी १,०६२ किलोमीटर जातो. म्हणजे ०.८५ माख म्हणजे सुमारे ९०० किमी आणि ०.७८ म्हणजे ८३० च्या जवळपास. समोरच्या पडद्यावर ताशी १,१०० दिसतात तेव्हा विमान ध्वनीच्या पुढे गेलेलं नसतं. पाठीमागून वारा ढकलत असतो.

जाताना आठ तास आणि येताना साडेसहा, असं का?

वाऱ्यामुळे. मध्य अक्षवृत्तांवर साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात, कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातात. विमानंही नेमकी याच उंचीवर उडतात.

नदीतल्या होडीसारखं आहे. वल्ही तेवढीच मारायची, पण प्रवाहाच्या दिशेने काठ भराभर मागे पडतो आणि उलट दिशेने हात भरून येतात. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्या वाटेला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. त्याच रात्री उलट दिशेने निघालेल्या प्रवाशांना कुणी विचारलं नाही.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असं वाटतं, पण तो पूर्ण भरून निघत नाही. ५,४०० किलोमीटरची वाट आणि हवेतला वेग ताशी ९०० धरा. वारा नसेल तर सहा तास जायला, सहा यायला. आता १५० किमीचा वारा आला. पाठीशी असेल तेव्हा भूवेग १,०५० आणि वेळ ५ तास ९ मिनिटं. समोरून असेल तेव्हा ७५० आणि ७ तास १२ मिनिटं. बेरीज १२ तास २१ मिनिटं. एकवीस मिनिटं वाऱ्याने खाल्ली, कारण तो विरोधात असतो तेव्हा आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो.

पृथ्वी फिरते त्याचा काही फायदा होतो का?

थेट नाही. पृथ्वी पूर्वेकडे फिरते तशी तिच्याबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. नाहीतर नुसती उडी मारली तरी आपण शेजारच्या गावात उतरलो असतो. फिरण्याचा संबंध येतो तो आडवळणाने: वाऱ्यांना दिशा मिळते त्यात पृथ्वीच्या परिवलनाचा हात असतो.

लांबच्या वाटेने गेलं तर लवकर पोहोचता येतं का?

कधी कधी येतं, आणि हे माझं आवडतं उदाहरण. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं गेलं. वाट हजारभर किलोमीटरहून जास्त वाढली, पण वारा पाठीशी आला आणि जवळपास साडेचौदा तासांत विमान पोहोचलं, आधीपेक्षा लवकर. परतताना वारा पुन्हा पाठीशी हवा म्हणून अटलांटिकचीच वाट धरायची. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा होते.

तिकिटावर लिहिलेला वेळ आणि वैमानिक सांगतो तो वेळ, यातला खरा कुठला?

दोन्ही. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे जागेवर थांबून पुन्हा ठोकळे लागले की बंद. वैमानिक 'आपला प्रवास पाच तास चाळीस मिनिटांचा' असं सांगतो तो बहुतेक वेळा उड्डाणापासून उतरेपर्यंतचा, त्या दिवशीचा वारा धरून काढलेला.

मधला फरक टॅक्सींगचा, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांच्यामध्ये विमान जमिनीवर चालतं त्या वेळाचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाची पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की उतरल्यावर गेटपर्यंत दहा ते वीस मिनिटं विमान चालतच राहतं. नवखे प्रवासी पट्टा सोडून उभे राहतात आणि परत बसतात.

शिवाय विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. उड्डाण पंधरा मिनिटांपेक्षा कमी उशिरा आलं तर ते 'वेळेवर' धरायची सर्रास पद्धत आहे, मग वेळापत्रकातच दहा-वीस मिनिटं जास्त लिहिली की वक्तशीरपणाचे आकडे छान दिसतात. अर्धा तास उशिरा सुटूनही विमान वेळेवर पोहोचतं ते यामुळे. वैमानिकाने वाटेत जोर लावला म्हणून नव्हे. मला यात फसवणूक वाटत नाही. पुढचं कनेक्टिंग विमान पकडायचं असेल तर फुगवलेला वेळच कामाला येतो.

नवीन विमानं जास्त वेगवान आहेत का?

नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये काँकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं. ते विमान २००३ मध्ये निवृत्त झालं. बाकीची विमानं आज ज्या वेगाने जातात, त्या वेगाने पन्नास वर्षांपूर्वीही जात होती, काही तर थोडी जास्तच वेगाने. आता इंधन वाचवायला वेग जरा आवरता घेतात.

उतरायची वेळ निघण्याच्या आधीची कशी?

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेप्रमाणे असतात. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी दहाला उतरता येतं. हिवाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत सतरा तासांचं अंतर असतं आणि मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. टोकियोतले पाच म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळचे आठ. त्यात दहा तास मिळवले की अठरा. लॉस एंजेलिस त्याच्या आठ तास मागे, म्हणजे दहा. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणून वजाबाकी करायची, दुसरी कुठलीही युक्ती लागत नाही.

अर्धा आणि पाऊण तासही विसरू नका. भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. आणि उन्हाळी वेळ तर सापळाच आहे. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपात शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत '+१' (म्हणजे दुसऱ्या दिवशी) लिहिलेलं असतं, तेही नीट बघा. मी एकदा बघितलं नाही आणि हॉटेलची खोली एक दिवस आधीची घेऊन ठेवली. पहाटे काउंटरवर उभा राहिलो तेव्हा माझी रात्र कालच संपलेली होती.

वाटेत विमान बदललं तर अंतर किती वाढतं?

थांबा वाटेवरच असेल तर नगण्य. लंडन-सिडनी सरळ अंतर साधारण १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलं तर आधी १०,८८५ आणि पुढे ६,२९०, म्हणजे एकूण १७,१७५. फक्त दीडशे किलोमीटरचा फेर. वेळ जातो तो जमिनीवर: उतरणं, थांबणं, पुन्हा चढणं. त्यामुळे दोन पर्याय तुलनेला घेताना अंतर बघत बसू नका, मधला थांबा बघा.

'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हेही एक नाहीत. डायरेक्ट विमान वाटेत थांबू शकतं, फक्त फ्लाइट क्रमांक तोच राहतो. न थांबता जायचं असेल तर नॉनस्टॉप शोधा.

सर्वांत लांबचं आणि सर्वांत जवळचं उड्डाण कोणतं?

पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये वीस हजार किलोमीटरहून फारसं जास्त अंतर असूच शकत नाही. तेवढ्यात आपण बरोबर विरुद्ध बाजूला पोहोचतो. लांब नियमित उड्डाणांत सिंगापूर-न्यूयॉर्क अग्रभागी आहे: सुमारे १५,३०० किलोमीटर आणि अठरा तासांच्या वर.

दुसरं टोक स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवर. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा चांगला असताना ते ५३ सेकंदांतही झालं आहे. तिथे माझा अर्ध्या तासाचा ठोकताळा अर्थातच कोसळतो.

या अंतराला कायद्यात काही किंमत आहे का?

युरोपीय संघात आहे. उड्डाण रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर किती भरपाई मिळणार ते २००४ च्या नियम क्रमांक २६१ मध्ये अंतरावर ठरवलं आहे. टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे, आणि मोजणी बृहद्वृत्तानेच. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की कनेक्टिंग प्रवासातही पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलंच सरळ अंतर धरायचं, टप्प्यांची बेरीज नाही. इथे मात्र पंचवीस किलोमीटरचा फरक खिशाला कळतो.

अंतर अपेक्षेपेक्षा भलतंच निघालं. काय चुकलं असेल?

आधी चिन्हं बघा. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे लिहायचे असतात. एक वजाचं चिन्ह राहिलं की अटलांटिकच्या पलीकडचं शहर मध्य आशियात येतं. मग अक्षांश आणि रेखांशांची अदलाबदल झाली आहे का ते बघा. रेडियनचं वर आलंच आहे.

सगळं बरोबर असूनही आकडा विचित्र असेल तर शहरच दुसरं असतं. सॅन होजे अमेरिकेत कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही सॅन होजेच. पहिल्याचा कोड 'एसजेसी', दुसऱ्याचा 'एसजेओ'. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, अलाबामातही आहे. २००२ साली ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला निघालेले दोन तरुण प्रवासी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीला जाऊन पोहोचले. पुढच्या टप्प्यासाठी अगदी लहान विमान समोर आलं तेव्हा त्यांना शंका आली. त्यांच्या तिकिटावर 'एसवायडी' नव्हतं, 'वायक्यूवाय' होतं.